विटाव्याच्या पुलाखाली थांबलेली गाडी: इलेक्ट्रिक वाहन कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईत इलेक्ट्रिक मालवाहू तीनचाकी विकणाऱ्या, तसेच बॅटरी बदल केंद्रे व चार्जिंग केंद्रे चालवणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक,

स. न. वि. वि.

मी ठाण्यात, वर्तकनगरला राहतो. वाशी मार्केटमधून पहाटे भाजी उचलायची आणि ठाण्यातल्या दुकानदारांना, खानावळींना पोचवायची, हा माझा वडिलांपासूनचा धंदा. ते डिझेलच्या टेम्पोवर होते. मी 2022 पासून बॅटरीवर आहे. माझ्या पाच गाड्या, पाचही इलेक्ट्रिक तीनचाकी. तीन गाड्यांची बॅटरी गाडीतच बसवलेली आहे, ती रात्री चार्ज करतो. उरलेल्या दोन बॅटरी बदलून चालतात, म्हणजे गाडी माझी आणि बॅटरी तुमच्यापैकी एकाची, भाड्याची.

यंदा पावसाळा सुरू झाल्यावर तुमच्यापैकी एका कंपनीने ठाणे-बेलापूर रस्त्यावरची आणि ठाणे शहरातली मिळून चार बदल केंद्रं बंद केली. कळलं ते ॲपवर आलेल्या दोन ओळींतून, तेही बंद झाल्यानंतर. त्यावर आम्ही 26 छोट्या गाडीमालकांनी सह्या करून तुम्हा पाच कंपन्यांना पत्र पाठवलं. एकाची केंद्रं बंद पडली तर दुसऱ्याची बॅटरी आमच्या गाडीला चालावी, एवढी सोय आपसात बसून करा, असं त्यात म्हटलं होतं. तिघांकडून उत्तर आलं नाही. दोघांचं आलं, आणि दोन्ही उत्तरांचा आशय एकच होता: बॅटरीचं तंत्रज्ञान ही आमची मालमत्ता आहे, ते प्रतिस्पर्ध्यासोबत वाटून घेण्याचा आमचा विचार नाही.

हे उत्तर मला मान्य नाही. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे.

आधी जुलैतली एक पहाट सांगतो. माझा चालक सव्वाचारला वाशी मार्केटमधून निघाला. मागे मेथी, कोथिंबीर, पालक आणि टोमॅटोचे क्रेट, मिळून साडेचारशे किलोच्या आसपास माल. बॅटऱ्या अर्ध्याहून खाली होत्या, पण ॲपमध्ये रबाळ्याच्या केंद्रावर चार भरलेल्या बॅटऱ्या दिसत होत्या. तो तिथे पोचला तर शटरला कुलूप आणि आत अंधार. ॲप मात्र चार बॅटऱ्या दाखवतच होतं. पुढचं केंद्र कळव्यात. वेग कमी ठेवून, चढावर जपून, त्याने दिघा मागे टाकला आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली गाडी थांबली. वर पाऊस, खाली घोटाभर पाणी, मागे डंपरचे हॉर्न.

मी स्कूटरवरून पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. तिथून शे-दीडशे पावलांवर तुमच्यापैकीच दुसऱ्या एका कंपनीचं बदल केंद्र आहे. बॅटऱ्यांच्या कपाटाला आठ कप्पे, आठही दिवे हिरवे. म्हणजे आठ भरलेल्या बॅटऱ्या. माझ्या गाडीतली बॅटरी 51.2 व्होल्टची, आणि त्या कपाटावरच्या पाटीवरही 51.2 व्होल्टच लिहिलेलं. आतलं रसायनही तेच, लिथियम आयर्न फॉस्फेट. त्याचे 3.2 व्होल्टचे 16 सेल ओळीने जोडले की 51.2 होतात, हे या धंद्यात पडल्यावर आमच्या वायरमनकडून शिकलो. पण खाच वेगळी, पिना वेगळ्या. खाच जुळली असती तरी बॅटरीतल्या बीएमएसने, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या आतल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने, माझ्या गाडीला ओळख दिली नसती. तिथला रखवालदार भला माणूस. म्हणाला, “शेठ, ह्या तुमच्या गाडीला लागत न्हाईत. कालबी एक जण असाच उभा ऱ्हाऊन गेला.”

शेवटी एका जुन्या डिझेल टेम्पोवाल्याने दोर बांधून आमची गाडी कळव्यापर्यंत ओढून नेली. त्याच्या सायलेन्सरचा काळा धूर माझ्या चालकाच्या तोंडावर येत होता आणि आमच्या गाडीच्या पाठीवर इलेक्ट्रिक गाडीची हिरवी नंबरपाटी, पिवळे अंक. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

जांभळी नाक्यावर माल पोचला साडेआठला. मेथी मान टाकून बसली होती. दोघा दुकानदारांनी घेतली नाही, एका खानावळीने अर्ध्या भावात घेतली. नुकसान चार हजारांच्या घरात. एवढ्या पैशांसाठी मी पत्र लिहिलं नसतं. भाजीच्या धंद्यात पावसाने, संपाने यापेक्षा मोठी नुकसानं सोसली आहेत. मला लिहायला लावलं ते त्या आठ हिरव्या दिव्यांनी.

माझं या प्रश्नात काय अडकलं आहे तेही सांगायला हवं. इलेक्ट्रिकचा हिशोब माझ्यापुरता खरा निघाला. सीएनजीच्या मानाने एका गाडीमागे महिन्याला सहा-सात हजार वाचतात. गाडी थरथरत नाही, त्यामुळे चालकांची पाठ धरत नाही. पहाटे सोसायटीच्या दारात माल उतरवताना वरून कोणी ओरडत नाही. वडील शेवटची सहा वर्षं दम्याने बेजार होते. डॉक्टर डिझेलकडे बोट दाखवायचे, मी त्यांच्या जुन्या टेम्पोकडे बघायचो. त्यामुळे या गाड्यांबद्दल मी नुसता ग्राहक म्हणून बोलत नाही. मी लोकांना सांगत सुटलो. दोघांनी माझ्या शब्दावर बॅटरी बदलाच्या गाड्या घेतल्या, आणि त्यांच्या पतपेढीच्या कर्जाला मी जामीन राहिलो. त्यातला एक परवा म्हणाला, “दादा, बॅटरीच मिळत नाही तर हप्ता कशातून भरू?” मी त्याला चहा पाजला. उत्तर देऊ शकलो नाही.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार बॅटरीच्या खाचेची. ऑगस्ट 2020 मध्ये केंद्र सरकारने बॅटरीशिवाय गाडी विकायला आणि तिची नोंदणी करायला मुभा दिली. त्यामुळे गाडी स्वस्त पडली आणि आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आली. पण गाडी आणि बॅटरीची फारकत केली, तर ती बॅटरी कोणाचीही चालायला हवी, नाहीतर फारकतीचा फायदा कोणाला? आज मी गाडीचा मालक असून तुमच्या कपाटाला बांधलेला आहे. भिंतीवरच्या घड्याळात पेन्सिल सेल घालताना घड्याळ कोणत्या कंपनीचं हे कोणी बघत नाही. मोबाइलच्या बाबतीत बारीक पिन आणि जाड पिन यांत आपण कितीतरी वर्षं घालवली, घराघरांत मेलेल्या चार्जरचे डबे भरले, तेव्हा कुठे एका पिनवर आलो. तीच वाट आता शंभर पट महाग बॅटरीच्या बाबतीत पुन्हा चालायची का?

आणि तुम्हाला एकत्र येणं जमत नाही असंही नाही. तुमच्या गाडीतली बॅटरी आणि मोटर चालवणारा कंट्रोलर ज्या ‘कॅन’ नावाच्या वाहिनीवरून बोलतात, ती बॉश कंपनीने 1986 मध्ये जगापुढे आणली. 1993 मध्ये तिचं आंतरराष्ट्रीय मानक झालं आणि आज एकमेकांच्या वैरी असलेल्या वाहन कंपन्याही तीच वापरतात. म्हणजे तार सगळ्यांची एक. त्या तारेवरून बोलायचे शब्द मात्र प्रत्येकाने कुलूपबंद ठेवले आहेत.

दुसरी तक्रार पैशांची. माझ्या फोनवर तुमची पाच ॲप आहेत. पाच वॉलेट, प्रत्येकात किमान शिल्लक ठेवायची सक्ती. माझे साडेतीन हजार रुपये या पाच खिशांत कायम अडकलेले असतात. चालकाला ॲप हाताळता येत नसेल तर त्याने पहाटे चारला मला उठवायचं.

तिसरी, केंद्र बंद करण्याची पद्धत. किराणा दुकानदारसुद्धा दुकान हलवायचं तर महिनाभर आधी पाटी लावतो. तुम्ही एका रात्रीत कपाटं बंद करता आणि ॲपमधला नकाशा तसाच ठेवता. धंदा परवडला नाही म्हणून कोणी निघून गेलं तर त्यावर माझा राग नाही. मात्र जाताना आमच्या गाड्यांचं काय होणार, हे सांगून जावं लागेल.

चौथी तक्रार गाडी विकताना लक्षात येते. बसवलेल्या बॅटरीची तब्येत किती उरली आहे, किती वेळा चार्ज झाली, कधी तापली, ही सगळी माहिती बीएमएसमध्ये असते आणि ती फक्त तुम्हाला दिसते. माझी एक गाडी विकायला काढली तर घेणाऱ्याने तीन वर्षांच्या बॅटरीची किंमत शून्य धरली, कारण ती चांगली आहे हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हतं. बदल केंद्रवाल्या गाडीचं तर विचारूच नका. कंपनी निघून गेली की ती गाडी भंगाराच्या वजनावर जाते.

पाचवी तक्रार सुरक्षेची आहे, आणि ती मला सगळ्यांत जास्त छळते. 2022 मध्ये उन्हाळा चढत असताना देशात ठिकठिकाणी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले आणि ते डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. पण एखादी बॅटरी का पेटली, पाणी कुठून शिरलं, कोणता जोड सैल झाला, हे एका कंपनीने शिकलेलं दुसरीपर्यंत पोचतं का? माझे चालक या बॅटऱ्यांवर बसून गाडी चालवतात. त्यांच्या जिवाचा धडा गुपित म्हणून तिजोरीत ठेवायची गोष्ट नाही.

तुम्ही म्हणाल, प्रतिस्पर्धी कंपन्या असं एकत्र येत नसतात. येतात. होंडा आणि यामाहा घ्या. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला या दोघी एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या. दीड वर्षात एकट्या होंडाने शंभराहून जास्त नवी आणि सुधारित मॉडेलं बाजारात ओतली, यामाहाला नमवण्यासाठी. त्याच होंडा आणि यामाहा, सोबत सुझुकी आणि कावासाकी, एप्रिल 2019 मध्ये अदलाबदलीच्या बॅटरीसाठी एका टेबलावर बसल्या. मार्च 2021 मध्ये त्यांनी समाईक निकष ठरवले. एप्रिल 2022 मध्ये एनिऑस या तेल कंपनीला बरोबर घेऊन त्यांनी ‘गाचाको’ ही समाईक कंपनी काढली. तिथे वापरात आली ती बॅटरी होंडाची. बाकी तिघींनी आपल्या सगळ्यांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याची बॅटरी पत्करली, कारण चार वेगवेगळी कपाटं उभी केली तर चारही रिकामी राहतील, हा हिशोब त्यांना कळला. त्या गाड्या आजही बाजारात एकमेकींशी भांडतात. युरोपात सप्टेंबर 2021 मध्ये होंडा, यामाहा, केटीएम आणि पियाजिओ यांनीही याच कामासाठी गट स्थापन केला. यातली पियाजिओ म्हणजे बारामतीत आपे बनवणारी. ती आपण ठाणेकर रोज बघतो.

नेदरलँड्समध्ये 2009 पासून तिथल्या वीजजाळ्यांच्या कंपन्यांनी मिळून ‘एलाड’ नावाची संस्था चालवली. चार्जिंगचा खांब आणि त्याला चालवणारी यंत्रणा यांनी एकमेकांशी बोलायची खुली भाषा तिथेच जन्मली. ती कोणालाही फुकट वापरता येते आणि आता जगभर चालते.

परदेशाची उदाहरणं नको असतील तर आपल्या घरातली देतो. एथर कंपनीने आपल्या स्कूटरचा चार्जिंग प्लग 2021 मध्ये इतरांना खुला केला. हीरोने आपल्या विडा स्कूटरला तोच प्लग लावला आणि दोघींच्या गाड्या एकमेकींच्या केंद्रांवर चार्ज होऊ लागल्या. 2023 मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्या प्लगला मानक म्हणून मान्यता दिली. हीरोची एथरमध्ये गुंतवणूक होती, त्यामुळे दोघी पूर्ण परक्या नव्हत्या, हे मला ठाऊक आहे. तरी दोघी एकाच गिऱ्हाइकाला स्कूटर विकत होत्या.

आणि एटीएम? तरुण वाचकांना हे पटणार नाही, पण एका बँकेचं कार्ड दुसऱ्या बँकेच्या यंत्रात चालत नसे. 1997 मध्ये मुंबईतच, भारतीय बँक संघाच्या पुढाकाराने ‘स्वधन’ नावाचं समाईक एटीएम जाळं सुरू झालं. एकमेकांचे खातेदार पळवणाऱ्या बँकांनी यंत्रं वाटून घेतली. 2008 मध्ये राष्ट्रीय पेमेंट महामंडळ स्थापन झालं, 2016 मध्ये यूपीआय आलं. आज जांभळी नाक्यावरची कोथिंबीर विकणारी मावशी कोणत्याही बँकेच्या गिऱ्हाइकाकडून दहा रुपये फोनवर घेते. यूपीआयमुळे कोणती बँक बुडाली? उलट सगळ्यांचाच व्यवहार वाढला.

तुमचे आक्षेप मी ऐकले आहेत. काही खरे आहेत, ते टाळून पुढे जाणार नाही.

तुमच्यापैकी एकाच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं की दुसऱ्याची बॅटरी आमच्या गाडीत पेटली तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त आहे. पण बदल केंद्रावर प्रत्येक बॅटरीची नोंद होतेच: कोणत्या गाडीत गेली, कधी, किती तापमानाला परत आली. नीती आयोगाने एप्रिल 2022 मध्ये बॅटरी अदलाबदलीच्या धोरणाचा मसुदा काढला, त्यात प्रत्येक बॅटरीला स्वतंत्र ओळख क्रमांक द्यावा असं सुचवलं होतं. क्रमांक आणि नोंद असेल तर दोष कोणाचा हे ठरवता येतं. दोन बँकांमध्ये अडकलेला व्यवहार कोणी निस्तरायचा याचे नियम बँकांनी बसवले, तसे तुम्हालाही बसवता येतील. अवघड आहे, पण अशक्य नाही.

दुसरा आक्षेप: आत्ताच एक आकार ठरवला तर पुढची सुधारणा खुंटेल. यातही तथ्य आहे. म्हणूनच आम्ही बॅटरीच्या पोटातलं काही मागत नाही. सेल कोणते घ्यायचे, ते थंड कसे ठेवायचे, आयुष्य कसं वाढवायचं, हे तुमचं कसब आणि तुमची स्पर्धा. डब्याचं बाहेरचं माप, जोडणीची खाच आणि गाडीशी बोलायचे शब्द एवढंच समाईक करा. पेन्सिल सेलचं माप तेच राहिलं, तरी आतला सेल सुधारतच गेला ना?

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत कमकुवत वाटला: स्पर्धा कायदा आम्हाला एकत्र येऊ देणार नाही. 2002 च्या स्पर्धा कायद्याचं कलम 3 एका वकील मित्राकडून समजून घेतलं. प्रतिस्पर्ध्यांनी मिळून भाव ठरवणं, बाजार वाटून घेणं यावर ते बडगा उगारतं. पण उत्पादन, पुरवठा किंवा वितरणाची कार्यक्षमता वाढवणाऱ्या संयुक्त उपक्रमाला त्याच कलमात सवलत ठेवली आहे.

कायद्याची भीती कुठे बाळगायची तेही सांगतो. जुलै 2021 मध्ये युरोपीय आयोगाने फोक्सवागन समूह आणि बीएमडब्ल्यू यांना मिळून 87.5 कोटी युरोंचा दंड केला. डेमलरही त्या साट्यालोट्यात होती, पण तिनेच माहिती उघड केल्यामुळे ती सुटली. गुन्हा काय? डिझेलचा धूर स्वच्छ करण्याचं तंत्र या कंपन्यांकडे होतं, आणि कायद्याला लागेल त्याहून जास्त सफाई कोणी करायची नाही असं त्यांनी आपसात ठरवलं. एकत्र बसणं दोन तऱ्हेचं असतं. हवा स्वच्छ करण्यासाठी बसा, आम्ही तुमच्या बाजूने उभे राहू. भाडं वाढवण्यासाठी किंवा सुधारणा रोखण्यासाठी बसलात, तर तक्रार करणाऱ्यांत आम्हीच पहिले असू.

सगळ्यात मुख्य मुद्दा तुमच्या जाहिरातींवर लिहिलेला असतो: पर्यावरण. आज रबाळे ते माजिवडा या पट्ट्यात तुम्ही प्रत्येकाने आपापली कपाटं मांडली आहेत. प्रत्येक कपाटात काही बॅटऱ्या भरून नुसत्या पडून असतात, कारण तुमचीच गाडी येईल याची वाट बघायची. सेल बहुतांश परदेशातून येतात, त्यासाठी लिथियम कुठल्या तरी डोंगरातून किंवा खाऱ्या सरोवरातून काढलेलं असतं. कपाटं समाईक झाली तर तेवढ्याच गाड्या कमी बॅटऱ्यांत चालतील. कमी भांडवल, कमी खाणकाम, पुढे जाऊन कमी कचरा. हे गणित तुमच्या इंजिनिअरना माझ्यापेक्षा चांगलं येतं. मग ते मांडायला भाजीवाल्याला का लागावं?

सरकारचीही यात जबाबदारी आहे. 1 फेब्रुवारी 2022 च्या अर्थसंकल्पात अदलाबदलीचं धोरण आणि परस्परांना चालतील अशा बॅटऱ्यांचे निकष आणू, असं संसदेत सांगितलं गेलं. मसुदा आला, आणि मसुदाच राहिला. जानेवारी 2025 मध्ये ऊर्जा मंत्रालयाने बदल केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, पण सगळ्यांच्या बॅटऱ्या एकमेकांना चालल्याच पाहिजेत अशी सक्ती त्यांत नाही. म्हणून चेंडू तुमच्या अंगणात आहे. इलेक्ट्रिक वाहनांसाठी केंद्राने ऑक्टोबर 2024 पासून आणलेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेला 10,900 कोटी रुपये दिले, त्यातले 2,000 कोटी चार्जिंग केंद्रांसाठी. तो पैसा जनतेचा आहे. जनतेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या केंद्रावर कोणाचीही गाडी यायला हवी, हे वेगळं सांगायची गरज पडू नये.

आमच्या मागण्या अशा.

हे पत्र मिळाल्यापासून साठ दिवसांच्या आत तुम्ही पाचही कंपन्यांनी ठाणे किंवा नवी मुंबईत एकत्र बैठक घ्यावी. बैठकीत निर्णय घेऊ शकणारी माणसं पाठवा. मागच्या वेळी आमच्याशी बोलायला जो मुलगा आला तो बिचारा स्वतःच तीन महिन्यांच्या करारावर होता. आमचे दोन प्रतिनिधी त्या बैठकीत असावेत, त्यातला एक मालक आणि एक चालक. जे ठरेल ते लेखी, मराठीत, केंद्रांवर लावावं.

समाईक बॅटरी एका रात्रीत होणार नाही, हे आम्हाला समजतं. त्यासाठी तारखांसकट आराखडा द्या. बाहेरचं माप, खाच आणि संवादाचे शब्द कधीपर्यंत ठरणार, पहिली समाईक केंद्रं कुठे येणार. सुरुवात ठाणे-बेलापूर रस्त्याने करा. वाशी मार्केट ते कळवा एवढ्या एकाच पट्ट्यात चार समाईक केंद्रं चालवून बघा. आम्ही 26 जण आमच्या गाड्या त्या प्रयोगासाठी देऊ.

तोवर निदान पैशांचं कुलूप काढा. कोणत्याही केंद्रावर यूपीआयने थेट पैसे घ्या, वॉलेटची सक्ती नको. आणि कोणाचं केंद्र चालू आहे, कोणाचं बंद, हे पाचही ॲपमध्ये सगळ्यांचं खरंखरं दिसू द्या. यासाठी कोणतंही गुपित उघडं करावं लागत नाही.

केंद्र बंद करायचं असेल तर नव्वद दिवस आधी लेखी कळवा, अनामत तीस दिवसांत परत करा, आणि ज्यांच्या गाड्या फक्त तुमच्याच बॅटरीवर चालतात त्यांना दुसरी सोय होईपर्यंत वाऱ्यावर सोडू नका.

बॅटरीच्या तब्येतीची माहिती गाडीच्या मालकाला मिळाली पाहिजे, छापील दाखल्यासारखी.

आग, धूर, पाणी शिरणं, जास्त तापणं अशा प्रत्येक घटनेची माहिती तुम्ही पाचही जणांनी एकमेकांना आठवड्याच्या आत द्या. नाव झाकून द्या, हरकत नाही. कारण मात्र झाकू नका. बाकीच्या मागण्यांवर वाटाघाटी होऊ शकतात, या मागणीवर आम्ही माघार घेणार नाही.

बैठकीला जागा मिळत नसेल तर वर्तकनगरला आमच्या मंडळाचा हॉल आहे, त्याचं भाडं आम्ही भरू. दुपारी दोननंतर कोणताही दिवस चालेल, तोपर्यंत आमच्या फेऱ्या संपलेल्या असतात.

कळावे,
आपला,
एक भाजीवाहतूकदार,
26 गाडीमालकांच्या वतीने,
वर्तकनगर, ठाणे (पश्चिम)

ता. क. बंद झालेल्या केंद्रांच्या सहा बॅटऱ्या अजून माझ्याकडे आहेत. माझ्या दोन गाड्या उभ्या आहेत, पण बॅटऱ्या मी कोरड्या जागेत, चालकाच्या देखरेखीखाली ठेवल्या आहेत. त्या कोणाला आणि कुठे परत करायच्या हे कृपया कळवावे. माझी 18,000 रुपये अनामत अजून मिळालेली नाही.